बोबडे बोल: ‘नीट म्हण’ म्हणण्याआधी या चुका टाळा

तीन वर्षांचं मूल सारसबागेला ‘तालतबाद’ म्हणतं. घरात हशा पिकतो, मग कोणीतरी समजावतं, “तसं नाही, नीट म्हण. सा-र-स-बा-ग.” मूल पुन्हा ‘तालतबाद’च म्हणतं. त्याच्या मते ते तेच तर बोललंय!

हा शब्द जरा नीट ऐका. ‘स’च्या जागी ‘त’, ‘र’च्या जागी ‘ल’, ‘ग’च्या जागी ‘द’. यात मनाला येईल तसं काही नाही. अवघड उच्चाराच्या जागी सोपा, आणि तोही नियमाने. प, ब, म, त, न आधी येतात. जिभेचा मागचा भाग उचलावा लागणारे क, ग बहुतेकांना साडेतीन-चार वर्षांपर्यंत जमतात, स-श साधारण त्याच्या मागून. र, ळ आणि जोडाक्षरं पाच-सहा वर्षांपर्यंत रेंगाळतात. त्यामुळे तीन वर्षांचं मूल ‘लाम’ म्हणालं तर घाबरू नका. पाचव्या वर्षीही काकाला ‘ताता’ म्हणत असेल, तर मात्र दाखवून घ्या.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे शब्द वदवून घेणं. ‘ताता आले’ म्हटल्यावर ‘काका म्हण’ नको. “हो, काका आले! काकांनी काय आणलं?” असं त्याच्या उंचीला बसून, सावकाश म्हणा आणि पाच सेकंद गप्प राहा. (मोठ्यांना हीच पाच सेकंदं जड जातात.) पाहुण्यांसमोर पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं की मूल बोलणंच कमी करतं. लाडाने त्याच्यासारखं बोबडं बोलणंही नको, योग्य शब्द त्याच्या कानावर पडायला हवा.

‘जीभ जड आहे’ हे दुसरं ठरलेलं निदान. जिभेखालचा पडदा आखूड असला तर जिभेचं टोक उचलायला अडचण येऊ शकते. पण क, ग जिभेच्या मागच्या भागातून येतात, म्हणजे ‘ताता’चं खापर त्या पडद्यावर फोडता येत नाही. तो आखूड असलेली बरीच मुलं स्पष्ट बोलतात. वेखंड उगाळून जिभेला चोळू नका, त्याने बाळांना वांत्या होतात. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको, त्यातून बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते.

जिभेआधी कान तपासा. ‘हाक मारली की बघतो’ हा पुरावा नव्हे. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकतं. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. मोठी हाक ऐकू येते, पण स, श, फ असे हलके आवाज निसटतात, आणि जे ऐकू येत नाही ते तोंडातून येणार कुठून? जन्मानंतरची तपासणी ठीक असली तरी पुन्हा करा. ओएई आणि बेरा या ऐकू येतं का ते पाहणाऱ्या दोन्ही तपासण्यांत काही दुखत नाही. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठात श्रवण आणि वाचा यांचा स्वतंत्र विभाग आहे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तिथेही सांगता येतं.

घरात मराठी, सोसायटीत हिंदी, प्लेग्रुपला इंग्रजी, म्हणून उशीर झाला असं नसतं. मराठी बंद करू नका, शब्द मोजताना तिन्ही भाषांतले मोजा. मोबाइलचं वेगळं: दोन वर्षांच्या आत नकोच, पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

फुगे, शिट्ट्या फुंकून उच्चार सुधारत नाहीत. चार वर्षांनंतर ‘क’ साधायचा तर मुलाला उताणं झोपवा, जीभ आपोआप मागे सरकते. आधी नुसता ‘क्’, मग ‘एक’, ‘नाक’, शेवटी ‘काका’. पाच मिनिटं पुरे.

‘त्याचा बाबाही उशिरा बोलला’ म्हणून थांबू नका. दीड वर्षाला एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांना पन्नासपेक्षा कमी शब्द किंवा ‘पाणी दे’सारखी जोडी नाही, तिसऱ्या वर्षी परक्याला निम्मंही कळत नाही, अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलंय, यातलं काहीही असेल तर वाचाउपचारतज्ज्ञांकडे जा. येत असलेले शब्द गेले, तर त्याच आठवड्यात. जाताना मूल खेळत बोलत असतानाचं दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग फोनमध्ये न्या, कारण दवाखान्यात ते हमखास तोंड मिटून बसतं.