केंद्रीय विद्यालय प्रवेश: बदल्यांचा दाखला असा दुरुस्त करून घेतला

मुलीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी मिस्टरांच्या ऑफिसने सेवा दाखला दिला, पण त्यात बदल्यांचा रकाना कोराच. केंद्रीय कर्मचाऱ्यांची मुलं प्रवेशाच्या प्राधान्यक्रमात पहिल्या गटात येतात हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्या गटातही क्रम लागतो तो मागच्या 7 वर्षांतल्या बदल्यांवरून, म्हणजे कोरा रकाना थेट आमच्या मुळावर येणार होता.

मग बदलीचे सगळे आदेश काढले. प्रत्येकासोबत जुन्या ठिकाणाहून कार्यमुक्त झाल्याची आणि नव्या ठिकाणी रुजू झाल्याची तारीख लावली. ठिकाणी किमान 6 महिने मुक्काम आणि दोन ठिकाणांत किमान 20 किलोमीटर अंतर असेल, तरच बदली धरतात. नागपूर ते नाशिक, नाशिक ते वाशी धरल्या; वाशीहून जवळच बेलापूरला झालेली अंतरात बसत नव्हती, ती आम्हीच गाळली. हा तक्ता आस्थापना शाखेतल्या मॅडमना दिला. त्यांनी सेवापुस्तकाशी ताडून नवा दाखला सही-शिक्क्यानिशी दिला.

दर दोन-तीन वर्षांनी शाळा सुटणाऱ्या मुलांसाठी हा नियम मला अगदी रास्त वाटतो. तेव्हा दाखला हातात पडताच तिथेच उभं राहून बदल्यांचा आकडा वाचा. अर्ज भरायची मुदत फार थोडी असते.