शुल्टे आडनावाचा माग काढताना

माझं सासरचं आडनाव शुल्टे. जर्मनीत म्युन्स्टरच्या आसपास हे आडनाव पावलोपावली भेटतं. मूळ शब्द शुल्टहाइस, म्हणजे सारा गोळा करणारा गावचा मुख्य, आपल्याकडचा पाटीलच. घराणं पाटलांचं, असं मी धरून चालले आणि तिथेच चुकले. नव्याने शोध घेणाऱ्यांना म्हणून आधी हेच सांगते, की आडनावाच्या अर्थापासून नका, गावापासून सुरुवात करा. अर्थ फार तर प्रदेश सुचवतो. कुंभार दक्षिणेत हाफ्नर होतो, हेसेनकडे ऑयलर, म्युन्स्टरकडच्या वेस्टफालियात प्योटर.

घरातली कागदपत्रं आधी मागा. सासूबाईंच्या कपाटात आनेनपास निघाला, नाझी काळात 'आर्य' वंश सिद्ध करायला भरून घेतलेली वंशावळीची वही. त्यात पूर्वजांची गावं आणि तारखा ओळीने मिळाल्या. पण ती उलगडताना जीव कासावीस झाला. याच नोंदींवरून कोणाला जगू द्यायचं ते ठरत होतं.

पुढचा टप्पा श्टांडेसआम्ट, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालय. प्रशियात, म्हणजे म्युन्स्टर ज्यात होतं त्या तेव्हाच्या राज्यात, या नोंदी 1 ऑक्टोबर 1874 पासून, सगळ्या जर्मन साम्राज्यात 1 जानेवारी 1876 पासून. जन्माची नोंद 110 वर्षं, विवाहाची 80, मृत्यूची 30 वर्षं सर्वांना खुली नसते. तोवर ती थेट वंशजाला मिळते, सुनेला नाही. म्हणून अर्जावर सही नवऱ्याची घ्यावी लागली.

त्यामागचं सगळं चर्चच्या वह्यांत. म्युन्स्टर धर्मप्रांताच्या कॅथलिक वह्या मॅट्रिक्युला या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्किऑनवर पैसे भरावे लागतात. लिपी कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी, मोडीसारखीच सवयीने उकलणारी. तिच्यातला 'e' अगदी 'n' सारखा दिसतो. मी रोज एकच पान घेऊन बसायचे, आणि दोन महिन्यांनी नावं आपोआप वाचता यायला लागली. महिन्यांबाबत मात्र सावध राहा. '7ber' म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात.

मग 1821 च्या एका विवाहनोंदीत नवरदेवाच्या नावापुढे वेगळंच आडनाव दिसलं आणि त्यानंतर 'गेनांट शुल्टे', म्हणजे 'शुल्टे म्हणवला जाणारा'. वेस्टफालियात आडनाव वाड्या-शेताला चिकटलेलं असायचं. वारस मुलीशी लग्न करून त्या शेतावर राहायला आलेला जावई शेताचंच नाव घ्यायचा. सख्ख्या भावांची आडनावंही त्यामुळे वेगळी होत. म्हणजे आमचा तो पूर्वज घरजावई होता, आणि 'शुल्टे' हे नाव त्याच्या बापाचं नव्हे, बायकोच्या जमिनीचं. असा 'गेनांट' दिसला की दोन्ही आडनावं टिपून ठेवा, नाहीतर पुढची पिढी सापडत नाही.

आता त्याच्या जन्मनावाच्या मागावर शेजारच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत आहे. जेवणं झाली की सासरे खुर्ची ओढून शेजारी बसतात. त्यांना कुरेंट वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचते.