चिखलाचा नकाशा काढताना: समुद्रतळाच्या अधिवासांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

समुद्रतळाच्या अधिवासांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर प्रवाळ असतात. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर पाण्याखाली असलेली आंग्रिया बँक (समुद्रतळावरचा उंचवटा), किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील मालवण सागरी अभयारण्य यांची ओढ मला समजते आणि त्यांचा अभ्यास व्हायलाच हवा. परंतु कोकण आणि गोव्यासमोरचा सागरतळ साधारण पन्नास मीटर खोलीपर्यंत मुख्यतः चिखलाचा आहे, त्यापलीकडे जुन्या काळी साचलेली वाळू लागते, आणि कोळंबी, लेप यांसारख्या ज्या मासळीवर हजारो घरे चालतात ती याच चिखलावर वाढते. म्हणून मी नवोदितांना चिखलापासून सुरुवात करण्याचा आग्रह धरते, मग तो कोणाला आवडो वा न आवडो.

मल्टीबीम (ध्वनीच्या अनेक शलाकांनी खोली मोजणारे यंत्र), बॅकस्कॅटर (तळावरून परतणाऱ्या ध्वनीची तीव्रता), ग्रॅब (तळाचा चिखल उचलून आणणारा जबडा) हे शब्द तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून चालते. मात्र उथळ पाण्यातील सर्वेक्षण किती संथ असते, याची कल्पना वर्गात येत नाही. एका फेरीत मोजला जाणारा पट्टा खोलीच्या तीन-साडेतीन पटच रुंद असतो. म्हणजे वीस मीटर पाण्यात जेमतेम साठ-सत्तर मीटर. शिवाय नदीच्या मुखासमोर गोड्या पाण्याचा थर असेल, तर त्या थरात आणि त्याखाली ध्वनीचा वेग वेगवेगळा असतो, आणि वेगाचे मापन वेळोवेळी केले नाही तर सपाट तळही पट्ट्याच्या दोन्ही कडांना वळलेला दिसतो. भरती-ओहोटीबरोबर हा थर सरकतो, त्यामुळे सकाळचे मापन दुपारी उपयोगाचे राहत नाही. एवढे सांभाळले की खोलीचा नकाशा नीट येतो. तो कोणालाही शिकता येतो, त्याचे भय बाळगू नका.

खरा सापळा पुढे आहे आणि त्यात मी स्वतः अडकले होते. माझ्या पहिल्या नकाशात किनाऱ्यालगतचा सगळा चिखलाचा पट्टा ‘विरळ जीवसृष्टी’ या रंगात रंगवला गेला होता. ग्रॅब नीट बंद होत होता, चाळणी अर्ध्या मिलिमीटरचीच होती, ओळख पटवण्यातही चूक नव्हती. नमुने मात्र सर्वच्या सर्व ऑक्टोबरचे होते.

ऑक्टोबरचा अर्थ समजून घेण्यासाठी पावसाळ्यापासून सुरुवात करावी लागते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या किनाऱ्यावर खोलवरचे, पोषक द्रव्यांनी समृद्ध पण ऑक्सिजन कमी असलेले पाणी खंडमंचावर (किनाऱ्यालगतच्या उथळ सागरतळावर) चढते. त्याच वेळी पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी पृष्ठभागावर झाकणासारखे बसते, त्यामुळे हवेतील ऑक्सिजन खाली मिसळत नाही. पोषक द्रव्यांमुळे वर प्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची) भरमसाट वाढ होते, ते मरून तळाशी जातात, आणि त्यांच्या कुजण्यात उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाचे पाणी काही ठिकाणी पूर्ण ऑक्सिजनशून्य होते आणि हायड्रोजन सल्फाइडचा कुजका वास येऊ लागतो. गोव्यात कांदोळीसमोर १९९७ पासून चाललेल्या नियमित निरीक्षणांमुळे हे चक्र आज चांगले ठाऊक आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये किनारी प्रवाहाची दिशा उलटते, ऑक्सिजन परततो, अळ्या तळावर स्थिरावतात आणि उन्हाळ्यापर्यंत तोच चिखल पुन्हा भरून येतो.

आता आपल्या कामाचे वेळापत्रक पाहा. पावसाळ्यात लहान होडी बाहेर जात नाही; समुद्र शांत होताच, निधी खर्च करण्याच्या घाईत, सगळे विद्यार्थी सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात नमुने घेतात. म्हणजे तळ सर्वांत रिकामा असतो नेमक्या त्याच आठवड्यांत आपण त्याची मोजणी करतो, आणि कमी ऑक्सिजन सोसणारे थोडे पॉलिकीट कृमी पाहून हा अधिवास दरिद्री असल्याचे लिहून मोकळे होतो. अशा नकाशाच्या आधारे पुढे कोणी गाळ टाकण्याची जागा ठरवली, तर हानी खऱ्या जिवांची होते. बॅकस्कॅटर इथे तुम्हाला वाचवणार नाही, कारण ऑक्टोबरचा आणि मार्चचा चिखल ध्वनीला जवळजवळ सारखाच दिसतो.

म्हणून प्रत्येक ग्रॅबसोबत तळाच्या पाण्यातील ऑक्सिजन मोजा, आणि तळापासून दोन-तीन मीटर वर थांबलेल्या, पाण्याचा नमुना घेणाऱ्या बाटलीवर विसंबू नका, कारण टंचाई शेवटच्या मीटरभरात सर्वाधिक असते. चिखलाचा काळा थर पृष्ठभागाच्या किती जवळ आहे आणि वास कसा आहे, ते डेकवरच वहीत लिहा. त्याच स्थानकांवर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुन्हा जा. सर्व स्थानके शक्य नसतील तर निम्मी करा, पण तीच करा. नव्या जागी गेलात तर फरक ऋतूचा की जागेचा, हे कधीही सांगता येणार नाही.

नमुने न घेता दुसऱ्यांची आकडेवारी संगणकीय प्रारूपात भरून झटपट नकाशा काढण्याचा मोह आवरा. शेजारशेजारचे नमुने प्रारूपाच्या प्रशिक्षणात आणि त्याच्या पडताळणीत विभागले की अचूकता फसवी वाढते, आणि ऋतू तर त्यात कुठेच नोंदलेला नसतो. मार्गदर्शक निवडताना शोधनिबंधांची संख्या पाहू नका. ते चाळणीपाशी उभे राहतात का आणि सूक्ष्मदर्शकाखाली कृमी ओळखण्यासाठी तुमच्याशेजारी बसतात का, एवढे विचारा. माझ्या मते असे ज्येष्ठ पुष्कळ आहेत, पण विद्यार्थी त्यांच्याकडे जात नाहीत. जुन्या तांडेलांशीही (मासेमारी होडीच्या प्रमुखांशी) बोला. किती वाव (खोलीचे माप) पाण्यात जाळे खडपाला अडकते आणि कोणत्या महिन्यात मासळी किनाऱ्याकडे सरकते, हे ते सांगतात. तळाचा ऑक्सिजन संपला की मासे कुठे पळतात, याचे उत्तर त्यात असते.

नोकरीची चिंता मीही केली आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचे ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र यांच्याखेरीज बंदरांच्या पर्यावरण अभ्यासातही या कामाची गरज असते. तिथे सर्वेक्षण करणारे अनेक भेटतात, तळाचे प्राणी जातीपर्यंत ओळखणारे फार थोडे. त्यामुळे ओळख शिकण्यात घालवलेली दोन वर्षे वाया जात नाहीत.

आणि तुमच्या वाट्याला खरोखरच एकच ऋतू आला, तर काम सोडू नका. नकाशाच्या शीर्षकात महिना आणि वर्ष लिहा, नकाशाच्या रंगसूचीत ‘विरळ’ऐवजी ‘ऑक्सिजनच्या टंचाईच्या काळात विरळ’ असे नमूद करा, आणि ऑक्सिजनच्या नोंदी परिशिष्टात पूर्ण द्या, म्हणजे मार्च महिन्यात त्याच स्थानकांवर जाणाऱ्या पुढच्या विद्यार्थ्याला तुलना करता येईल.