एक्स-रे टेक्निशियनची नोकरी: काय काय तयार ठेवायचं, आणि तो टीएलडी नंबर

बारावी सायन्सची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो. यावर बोलत नाही. फाइलमध्ये नसेल तर आजच घाला.

प्रवेश घेताना कॉलेजची इमारत आणि काचेचं रिसेप्शन बघू नका, पोस्टिंग कुठे मिळतं ते विचारा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकलची पदवी, असेल तर इंटर्नशिप अभ्यासक्रमातच असते आणि ती रुग्णालयात होते. डिप्लोमा करणार असाल तर एकच प्रश्न, तोही पैसे भरायच्या आधी: या कोर्सवर महाराष्ट्राच्या पॅरामेडिकल कौन्सिलची नोंदणी मिळते का? "मिळेल, करून देऊ" हे उत्तर नाही. गेल्या वर्षी पास झालेल्या कुणाचं नोंदणीपत्र दाखवा म्हणायचं. दाखवायला टाळाटाळ झाली तर उठायचं. काही महिन्यांत टेक्निशियन करून शंभर टक्के नोकरी देणाऱ्या जाहिरातींवर मी वेळ घालवणार नाही, तुम्हीही घालवू नका.

पोस्टिंगमध्ये कॅज्युअल्टी मागून घ्या. चालत येऊन स्टँडसमोर उभं राहणाऱ्या पेशंटचा चेस्ट पीए (पाठीकडून किरण सोडून काढलेला छातीचा एक्स-रे) कुणीही शिकतं. मान हलवायची नाही असा अपघाताचा पेशंट, रडणारं दोन वर्षांचं मूल, आयसीयूत मशीन नेऊन बेडवर घ्यायचा पोर्टेबल एक्स-रे, हे हातातून गेलं नसेल तर पहिल्याच नाइटला घाम फुटतो. चेस्टला एक्स-रे नळीपासून फिल्मपर्यंत अंतर १८० सेंटिमीटर का, हे पाठ करू नका, समजून घ्या. नळी जवळ आणली की हृदय फुगलेलं दिसतं. बेडवरच्या एपी, म्हणजे पुढून किरण सोडलेल्या, फिल्मवर तेच होतं, आणि म्हणून फिल्मवर "एपी, पोर्टेबल" लिहायचं असतं. उजवा-डावा मार्कर एक्स्पोजरच्या आधी लावा. "नंतर कॉम्प्युटरवर टाकतो" ही सवय एक दिवस चुकीच्या पायाला प्लास्टर घालून घेते. लॉगबुकवर सही त्याच दिवशी. महिनाअखेरीला सर रजेवर असतात, नेहमीच.

आता मुख्य मुद्दा. टीएलडी बॅज, म्हणजे तुमच्या अंगावर किती किरण पडले (तुमचा डोस) ते मोजणारा बिल्ला. आणि बॅजपेक्षाही त्याच्यावरचा तुमचा नंबर.

बॅज छातीवर, लेड (शिशाच्या) एप्रनच्या आत, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी ड्यूटी संपली की एप्रन हुकावर आणि बॅज एप्रनला, दोन्ही एक्स-रे रूममध्येच. रात्रभर मशीन चालतं आणि तो डोस तुमच्या नावावर चढतो. बॅज साधारण दर तीन महिन्यांनी बदलतो. एका बॅजवर १० मिलिसिव्हर्टच्या (हे डोस मोजायचं एकक) वर आकडा गेला की चौकशी लागते, आणि मग "बॅज खोलीत राहिला होता" असा खुलासा लिहीत बसा. बॅज कंट्रोल बॅजजवळ (कुणीच न घालायचा, तुलनेसाठीचा बॅज) ठेवायचा, जिथे किरण पोचत नाहीत तिथे.

पण लोक विसरतात ते पुढचं, आणि मीही पहिली नोकरी सोडताना तेच विसरलो. नंबर आणि डोसचा रिपोर्ट न घेता बाहेर पडू नका. तो नंबर सेंटरचा नाही, तुमचा आहे. नोकरी बदलली तरी तोच चालवायचा असतो, कारण त्याच नंबरावर तुमचा आयुष्यभराचा डोस जमा होत असतो. मर्यादा पाच वर्षांची मिळून मोजतात: एकूण १०० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. मागचं काहीच सांगता आलं नाही तर नवीन ठिकाणी नवा नंबर पडतो, जुना डोस तिकडेच लोंबकळतो आणि बेरीज कुणीच करत नाही. मी सोडलेलं सेंटर नंतर बंद पडलं. फोन कुणाला करणार?

२००४ च्या किरण संरक्षण नियमांप्रमाणे डोसची नोंद मालकाने दरवर्षी, मागाल तेव्हा आणि नोकरी सोडताना द्यायची असते. उपकार नाही तो. तेव्हा राजीनाम्याच्या अर्जातच एक ओळ घाला: "माझा टीएलडी क्रमांक व आजवरचा डोस अहवाल मिळावा." अनुभवाचं पत्र, पगाराची शेवटची स्लिप आणि डोस रिपोर्ट, तिन्ही हातात पडल्याशिवाय चावी परत करू नका. इंटर्नशिपला बॅज मिळाला असेल तर तोही नंबर टिपून ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढा, घरच्या वहीत लिहा, स्वतःला मेल करा. नंबर. रिपोर्ट. पुन्हा विचारू नका कशासाठी.

मुलाखतीत ते तुम्हाला विचारतील, तुम्हीही विचारा: मशीन एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळ) ई-लोरा या ऑनलाइन यंत्रणेवर नोंदलेलं आहे का, बॅज पहिल्या दिवसापासून मिळणार का. "सहा महिने बघू, मग बॅज" म्हणणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. सोनोग्राफीचा प्रोब "जरा धरा" म्हटलं तरी धरू नका. १९९४ चा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणारा, कायदा आहे, अडकाल तुम्ही. एमआरआयला लावलं तर मॅग्नेट स्कॅन नसतानाही चालू असतो हे डोक्यात ठेवा. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट पेशंटचा नातेवाईक आत ओढला गेला आणि त्याचा जीव गेला. दारात कुणालाही थांबवायची लाज वाटून घेऊ नका, ट्रॉली ढकलणाऱ्या मामांनाही नाही.

सरकारी भरतीत जाहिरातीत पद "क्ष-किरण" नावाने येतं, "एक्स-रे" शोधत बसाल तर तारीख निघून जाईल. कौन्सिलची नोंदणी, अधिवास, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेयर.

गल्फ: डेटाफ्लो (कागदपत्रांची पडताळणी), प्रोमेट्रिक (परवान्याची परीक्षा), अनुभवपत्रावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची अशा दोन्ही तारखा. पगार लेखी घ्या, नाइटचे पैसे वेगळे विचारा.