प्रेअरी डॉगच्या माळावर जाण्यापूर्वी : लांब पल्ल्याच्या साहित्याची तयारी

साउथ डकोटा राज्याच्या पश्चिम भागात वॉल नावाचे छोटे गाव आहे. त्याच्या आसपास बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँड या सरकारी राखीव कुरणाचा आणि खासगी रँचचा (गुरे पाळण्याच्या मोठ्या जमिनींचा) गवताळ माळ मैलोन्‌मैल पसरलेला आहे. जूनच्या अखेरीस आम्ही चौघे मिनिॲपोलिसहून दिवसभर गाडी चालवून तेथील एका रँचवर प्रेअरी डॉगच्या शिकारीसाठी जातो. प्रेअरी डॉग हा नावापुरताच कुत्रा आहे. तो खारीच्या कुळातला, बिळांची वसाहत करून राहणारा प्राणी असून गुरांच्या चाऱ्यात वाटेकरी होतो, म्हणून रँचमालकांना तो नकोसा असतो. लांब पल्ल्याची रायफल, तिच्यावर बसवलेली नेम धरण्याची दुर्बीण आणि वाऱ्याचा अंदाज यांची कसोटी पाहायला या माळासारखी जागा नाही, असे या छंदातील लोक म्हणतात आणि ते खरेही आहे. तयारी सुरू करताना मात्र एक गोष्ट पक्की ठरवून घ्यावी : साहित्याची परीक्षा कागदावर आणि लोखंडी पाटीवर आधी पूर्ण झालेली असावी, जिवंत प्राण्यावर ती होऊ नये. माळावर तपासायचा तो वारा आणि आपला स्वतःचा हात. पुढील सारी यादी या एका अटीवर उभी आहे.

पहिले काम कागदपत्रांचे आहे आणि आपल्यापैकी अनेकांसाठी ते सर्वांत महत्त्वाचे आहे. एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणे हा त्या मनाईला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. मित्राची रायफल थोडा वेळ हातात घेतली तरी तिला बाळगणेच म्हणतात, त्यामुळे परवाना काढण्यापूर्वी सराव-मैदानावरही जाऊ नये आणि शंका असल्यास वकिलाला विचारावे. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना ही अडचण नाही, पण बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यास साउथ डकोटाचा परवाना लागतोच. सार्वजनिक जमिनीवर १ मार्च ते १४ जून या काळात प्रेअरी डॉगची शिकार बंद असते. याच काळात पिल्ले जन्मतात आणि हळूहळू बिळाबाहेर येऊ लागतात. खासगी जमिनीवर कायद्याने मुभा असली तरी आम्ही हीच तारीख पाळतो, कारण आई मेली की बिळातली पिल्ले उपाशी मरतात. आदिवासी राखीव क्षेत्रांत त्या त्या जमातीचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो आणि बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानात शिकारीला बंदी आहे. म्हणून हद्दी दाखवणारा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा, कारण माळावर बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नसते.

त्यानंतर दुर्बिणीच्या बैठकीकडे वळावे. माझ्या पहिल्या सहलीत सकाळचे दोन तास मी ३०० यार्डांवर चुकत होतो आणि प्रत्येक चुकीचे खापर वाऱ्यावर फोडत होतो. एका प्रेअरी डॉगच्या मागच्या अंगाला गोळी लागली आणि तो पुढच्या पायांवर शरीर ओढत बिळाच्या तोंडाशी पोहोचून आत दिसेनासा झाला. त्यानंतर मी रायफल खाली ठेवून दुर्बीण रायफलीला धरून ठेवणारी पट्टी दोन बोटांनी हलवून पाहिली, तर ती हलली. खडीच्या रस्त्यावरच्या हादऱ्यांनी पुढचा स्क्रू सैल झाला होता. तेव्हापासून प्रत्येक स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या मापाने टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळायचा आणि स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीवर उतरणारी नेलपॉलिशची लाल रेघ ओढायची, हे माझ्या यादीत सर्वांत वर आहे. ती रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला आहे हे कळते. गाडीतून रायफल बाहेर काढताना पहिली नजर त्या रेघेवर जावी.

दुर्बिणीचे आकडे खरे आहेत की नाहीत, हे तपासण्याची रीत गवंड्याला लगेच समजेल अशी आहे. टेपने मोजलेल्या १०० यार्डांवर उंच पुठ्ठा उभा करावा, त्याच्या शेजारी ओळंबा सोडून दोऱ्याच्या बरोबरीने पुठ्ठ्यावर उभी रेघ मारावी आणि खाली एक ठिपका काढावा. त्या ठिपक्यावर नेम कायम ठेवून आधी शून्यावर पाच गोळ्या झाडाव्यात, मग टरेट (नेम वर-खाली करणारी दुर्बिणीवरची आकड्यांची चकती) १० मिल (मिल हे कोनाचे छोटे माप) चढवून आणखी पाच झाडाव्यात. दोन्ही पुंजक्यांच्या मध्यांमधले अंतर ३६ इंच भरले पाहिजे. ते साडेपस्तीस भरले तर दुर्बीण सुमारे दीड टक्का कमी चढते. प्रेअरी डॉगच्या अंतरावर टरेट तीन-चार मिलपेक्षा जास्त चढवावा लागत नसल्याने एवढी चूक हिशेबात धरून चालवता येते. वरचा पुंजका उभ्या रेघेवरून बाजूला सरकला असेल, तर दुर्बीण रायफलीवर तिरकी बसली आहे असे समजावे आणि ते मात्र चालवून घेऊ नये. शेवटी टरेट पुन्हा शून्यावर आणून पाच गोळ्या झाडाव्यात. त्या पहिल्या पुंजक्यात मिसळल्या नाहीत, तर ती दुर्बीण सहलीला नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुर्बिणीवर छोटी पाणसळही बसवावी. ज्या अंतरासाठी ४० इंचांचा चढ द्यावा लागतो, तेथे रायफल तीन अंश कलली तरी गोळी दोन इंच बाजूला जाते आणि सपाट नसलेल्या माळावर तीन अंशांचा कल डोळ्याला जाणवतच नाही.

झिरो करताना, म्हणजे ठरलेल्या अंतरावर गोळी नेमाच्याच जागी पडेल अशी दुर्बीण जुळवताना, तीन गोळ्यांच्या पुंजक्यावर विसंबू नये, कारण तीन छिद्रे योगायोगानेही जवळ पडतात. दहा गोळ्यांच्या पुंजक्याचा मध्य काढावा आणि तोच झिरो मानावा. त्याच बैठकीत क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) लावून वीस गोळ्यांचा वेग नोंदवावा. डब्यावर छापलेला वेग वेगळ्या लांबीच्या नळीतून मोजलेला असू शकतो, म्हणून गोळीचा मार्ग काढणाऱ्या गणिती ॲपमध्ये आपल्या नळीतून निघालेलाच आकडा भरावा. मग ४०० आणि ५०० यार्डांवरच्या लोखंडी पाट्यांवर गोळी प्रत्यक्ष किती खाली उतरते ते पाहून ॲपचा आकडा त्याच्याशी जुळवून घ्यावा. मिनिॲपोलिस समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवर आहे आणि वॉल सुमारे २८०० फुटांवर, पण खरा फरक उन्हाने पडतो : ३५ अंश सेल्सियसच्या दुपारी वॉलजवळची हवा जवळजवळ ६००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ वागते. म्हणून घरच्या हवेचा तक्ता छापून नेण्याऐवजी माळावरच तापमान आणि प्रत्यक्ष हवेचा दाब मोजणारे उपकरण न्यावे. हवामानखात्याने दिलेला दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, तो ॲपमध्ये प्रत्यक्ष दाबाच्या जागी भरला की सारा हिशेब चुकतो.

आता वाऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बाकीचे सारे घरी बसून दुरुस्त करता येते आणि वारा तेवढा येत नाही. उभा राहिलेला प्रेअरी डॉग साधारण फूटभर उंच असतो, पण रुंदीला जेमतेम साडेतीन इंच. .२२३ रेमिंग्टन या काडतुसाची ५३ ग्रेन (सुमारे साडेतीन ग्रॅम) वजनाची गोळी सेकंदाला ३३०० फुटांच्या आसपास वेगाने निघाली, तर ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला ४०० यार्डांपर्यंत १६ इंचांच्या आसपास ढकलतो. म्हणजे वाऱ्याच्या अंदाजात एका मैलाची चूक झाली तरी गोळी दीड इंचाहून अधिक सरकते आणि नेम मधोमध धरला असला तरी ती प्राण्याच्या कडेला जाते. उंचीच्या बाबतीत एवढी चूक सहज पचते, रुंदीच्या बाबतीत पचत नाही. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटरच्या खेळातही वाऱ्यासाठी झेंड्या लावलेल्या असतात. येथे अंतर सातपटीहून अधिक आणि झेंडी एकही नाही, म्हणून गवताच्या शेंड्यांकडे, धुळीकडे आणि उन्हाच्या झळांच्या वाहण्याकडे पाहायला शिकावे लागते. वारामापक हातात धरला की तो फक्त आपल्या जागेचा वारा सांगतो, तर मधल्या ओहोळात वारा उलटाही वाहत असतो. निघण्यापूर्वीच्या महिन्यात रोज दहा मिनिटे मोकळ्या जागी उभे राहून आधी तोंडाने आकडा सांगावा आणि मग वारामापक पाहावा. हा सराव फुकट आहे आणि महागड्या दुर्बिणीपेक्षा त्याचा उपयोग मला जास्त झाला आहे.

अंतरमापकाची लेझर बुटक्या लक्ष्याच्या अलीकडच्या गवतावर किंवा पलीकडच्या उतारावर पडून फसते. म्हणून तो तिवईवर बसवावा, प्राण्याऐवजी बिळाच्या मातीच्या ढिगाचे अंतर घ्यावे आणि तीन वेळा तोच आकडा आल्याशिवाय तो धरू नये. घडीचे बेंच, पुढची दुपाई, मागची वाळूची पिशवी आणि सावलीसाठी छत्री हे सामान एकदा घरच्या अंगणात मांडून पाहिले की पुरे.

नळीच्या उष्णतेकडे मात्र दुर्लक्ष करू नये. चांगल्या वसाहतीत दिवसाला दोनशे काडतुसे सहज संपतात आणि .२२-२५० सारख्या वेगवान काडतुसाची नळी सलग बारांनी तापली की तिचा घसा (गोळी नळीत शिरते तो सुरुवातीचा भाग) लवकर झिजतो. नळीवरून उठणाऱ्या झळांनी दुर्बिणीतले चित्र थरथरते ते वेगळेच. दहा गोळ्यांनंतर बोल्ट उघडा ठेवून रायफल सावलीत ठेवावी आणि दुसरी घ्यावी. १५० यार्डांच्या आतल्या कामासाठी .१७ एचएमआरची छोटी रायफल बरोबर असेल, तर मोठ्या रायफलीला आपोआप विसावा मिळतो. काडतुसे उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नयेत आणि तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस भरून वाट पाहत बसू नये, कारण दारू तापली की दाब आणि वेग दोन्ही वाढतात. सारी काडतुसे एकाच लॉटची (कारखान्यात एकत्र बनलेल्या खेपेची) घ्यावीत आणि ज्या लॉटवर झिरो केला तोच सहलीला न्यावा. विमानाने जाणार असाल तर रिकामी रायफल कुलूपबंद कठीण पेटीत घालून काउंटरवर जाहीर करावी लागते, आणि बहुतेक विमान कंपन्या ११ पौंडांपर्यंतच काडतुसे नेऊ देतात. .२२३ ची सुमारे चारशे काडतुसे एवढ्या वजनात बसतात.

गोळी निवडताना शिसेविरहित गोळीचा विचार करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मेलेले प्रेअरी डॉग माळावर पडून राहतात आणि गरुड व ससाण्यासारखे शिकारी पक्षी ते खातात. त्या मांसात विखुरलेले शिशाचे कण त्यांच्या पोटात जातात. तांब्याच्या गोळीचा झिरो आणि उतार वेगळा येतो, त्यामुळे हा बदल आयत्या वेळी न करता वर सांगितलेल्या साऱ्या चाचण्या त्याच गोळीने कराव्यात. या वसाहतींच्या बिळांत बिळघुबडही राहते आणि दुरून ते मातीच्या ढिगावर उभ्या राहिलेल्या पिल्लासारखेच दिसते. त्याला संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून शेजारी बसलेल्या निरीक्षकाने स्पॉटिंग स्कोपमधून (तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून) ओळख पटवून ‘प्रेअरी डॉग’ असा शब्द उच्चारल्याशिवाय आमच्यात कोणी चापाला बोट लावत नाही. काळ्या पायांचे फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी तर जवळपास प्रेअरी डॉगवरच जगतो. तो नामशेष झाला असे मानले जात असताना १९८१ मध्ये वायोमिंगमध्ये पुन्हा सापडला आणि पुढे याच माळातल्या कोनाटा बेसिनमध्ये सोडण्यात आला. कोनाटा बेसिन या शिकारीसाठी बंद आहे आणि नकाशावर त्याची हद्द लाल शाईने आखून घ्यावी. लक्ष्यामागे मातीचा चढ असल्याशिवाय बार काढू नये. क्षितिजावर उभा असलेला प्राणी कितीही सोपा दिसला तरी सोडून द्यावा.

प्रकृतीच्या सामानात पाणी, टोपी आणि कानांचे दुहेरी संरक्षण येतेच, पण पिसवांची गोष्ट आपल्या वाचकांना निराळी सांगायला हवी. प्रेअरी डॉगमध्ये प्लेगची साथ येते, आणि तो १८९६ मध्ये मुंबईत व १८९७ मध्ये पुण्यात हाहाकार माजवणारा प्लेगच आहे, जंतू तोच. माणसाला तो क्वचितच होतो आणि वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर बरा होतो. तरीही मेलेल्या प्राण्याला हात लावू नये, पँट मोज्यांत खोचावी, कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारावे, कुत्रा बरोबर नेऊ नये आणि परतल्यावर आठवडाभरात ताप किंवा काखेत-जांघेत गाठ आली तर डॉक्टरांना या सहलीची माहिती द्यावी. बिळांत रॅटलस्नेकही असतात, म्हणून जमिनीवर पालथे पडण्यापूर्वी गवत काठीने झोडपून घ्यावे.

पोहोचल्यावर पहिला तास प्राण्यांसाठी नसतो. रँचमालकाच्या परवानगीने चढाच्या पायथ्याशी पुठ्ठा लावून १०० यार्डांचा झिरो तपासावा, मग चार इंची लोखंडी पाटी ३००, ३५० आणि ४०० यार्डांवर ठेवून त्या दिवसाच्या वाऱ्यात प्रत्येकी दहा गोळ्या झाडाव्यात. ज्या अंतरावर दहापैकी आठ लागतात तीच त्या दिवसाची आपली मर्यादा, आणि दुपारी वारा वाढला की पाटीवर पुन्हा तपासून ती कमी करावी. आमच्यातल्या एकाची मर्यादा गेल्या वर्षी एका दुपारी २५० यार्डांवर आली आणि त्याने ती पाळली. उरलेले अंतर त्याने पाटीवरच आजमावले. वहीत प्रत्येक बाराआधी अंतर, वाऱ्याचा अंदाज आणि टरेटचा आकडा लिहावा, बारानंतर धूळ कोठे उडाली ते लिहावे. बार झाल्यावर आठवून लिहिलेला अंदाज नकळत सुधारलेला असतो, म्हणून हा क्रम बदलू नये. संध्याकाळी सर्व पुंगळ्या मोजून गोळा कराव्यात, लाल रेघा पुन्हा पाहाव्यात आणि गाडीत सामान भरण्यापूर्वी सकाळच्याच पुठ्ठ्यावर पाच गोळ्या झाडून झिरो किती हलला तो आकडा तारखेसह वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. पुढच्या वर्षीची तयारी त्या आकड्यापासून सुरू होते.