कोल्हापूर-मिरज मार्गावर गाड्या बघायच्या तर

सुरुवात स्टेशनवरूनच करा. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपये, दोन तास चालतं. शाहू महाराज टर्मिनस हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे आलेलं इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जाताना निवांत बघता येतं.

धावती गाडी हवी असेल तर रुकडी किंवा हातकणंगले गाठा. एकेरी मार्ग असल्याने क्रॉसिंग, म्हणजे समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींना वाट देणं, इथं होतं. एक गाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबली की समजा, समोरून दुसरी येतेय. मालगाडीला ठरलेली वेळ नाही, तेव्हा गेट आणि सिग्नलकडे लक्ष ठेवायचं.

रूळ साधारण पूर्व-पश्चिम जातात. म्हणून फोटोसाठी दक्षिणेच्या बाजूला उभं राहा. सकाळी मिरजेकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी कोल्हापूरकडे येणाऱ्या गाडीचं तोंड उजळतं. शटर 1/1000 सेकंद, त्याहून हळू ठेवलंत तर इंजिनचा नंबर पुसट येतो. फोकस आधीच एका खांबावर धरून ठेवा.

विजेचं इंजिन फारसा आवाज न करता येतं, त्यात कानात इअरफोन म्हणजे शुद्ध वेडेपणा. रुळांत किंवा पंचगंगेच्या पुलावर पाय टाकायचा नाही: रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. वर 25,000 व्होल्टची तार आहे, सेल्फी स्टिक खालीच ठेवा.