वाटेवरचं अनोळखी झाड ओळखताना या चुका टाळा

पन्हाळ्याहून मसाई पठाराकडे निघालं की सप्टेंबरात दर दहा पावलांवर कुणीतरी वाकलेलं दिसतं. फुलाचा वरून एक फोटो, तो लगेच ग्रुपवर, खाली प्रश्न: "हे कुठलं?" मीही हेच करायचो. एकदा आमच्यात कळलावीवरून जुंपली. एकाच्या फोटोत फूल पिवळं, दुसऱ्याच्या लालभडक. वेल एकच होता. कळलावीचं फूल हिरवट-पिवळं उमलतं आणि पुढच्या दिवसांत तांबडं होत जातं. (घरात ठेवली की भांडणं लागतात म्हणतात, तर आमची वाटेतच लागली.)

तेव्हापासून रंगावर भरवसा नाही. कळलावीची खरी खूण पानाच्या टोकाला असते. टोक लांबत जाऊन वेटोळं होतं आणि शेजारच्या झुडपाला धरतं. फूल नसलं तरी ती सापडते. म्हणून फुलासोबत पानाची खालची बाजू, खोड आणि पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, याचेही फोटो घ्या. मापासाठी शेजारी एक रुपया ठेवा. घाणेरीचं खोड चौकोनी असतं, हे फोटोत कळत नाही, बोटांनाच कळतं. मात्र पावट्यासारखी तीन-तीन पानं आणि तपकिरी मखमली शेंगा दिसल्या तर हात मागे घ्या, ती खाजकुइली.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे "जरा चाखून बघू". कळलावीच्या कंदात कोल्चिसीन नावाचं विष असतं, खाल्ला तर जिवावर बेततं. सापकांदा हा अळू-सुरणाच्या कुळातला. अळूला आपण चिंच का घालतो ते आठवा. घशात टोचणारे ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक यातही असतात.

अ‍ॅपने नाव सांगितलं तर ते झाड सह्याद्रीत उगवतं का, एवढं आधी बघा. नाहीतर परदेशातला चुलतभाऊ पदरात पडतो. गावातलं नावही एकट्यानं पुरत नाही, 'रानतुळस' म्हणून दोन गावांत दोन झाडं दाखवतात. "मावशी, ह्याला काय म्हणत्यात?" याच्या पाठोपाठ "कशाला वापरता? फळ कधी धरतं?" हेही विचारा. दुसऱ्या उत्तरातून जास्त हाती लागतं.

ओळख पटली नाही म्हणून उपटू मात्र नका. कंदीलपुष्पाच्या काही जाती फक्त पश्चिम घाटातच उरल्यात. जागा लिहून ठेवा, तीन आठवड्यांनी फळं बघायला परत जा. तरीही अडलंच, तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे. तिथे सगळे फोटो, तारीख आणि जागा घेऊन जा.